झांबिया-मलावी मिशन वैद्यकीय दौरा: औषधं, परवाने आणि शिबिराची मांडणी

किरणोदय

पुढच्या जुलैत आमच्या ख्रिस्ती मंडळीचा नऊ जणांचा गट झांबियाच्या ईस्टर्न प्रॉव्हिन्समध्ये आणि तिथून मलावीत जातोय. तीन डॉक्टर (एक बालरोगतज्ज्ञ), एक दंतवैद्य, दोन नर्स, एक फार्मासिस्ट आणि दोघं बिगर-वैद्यकीय. लुसाकाहून ग्रेट ईस्ट रोडने काटेटे, चिपाटा, मग म्वामीला सीमा ओलांडून लिलाँग्वे असा मार्ग आहे. एकूण १४ दिवस, त्यात ८ दिवस शिबिरं, रोज १०० ते १२० रुग्ण. यजमान म्हणून एक मिशन रुग्णालय आणि तिथल्या स्थानिक मंडळ्या आहेत.

विचारायचंय ते असं:

१) औषधं सोबत न्यावीत की तिथेच विकत घ्यावीत?
२) डॉक्टरांना तिथे तपासायला कोणते परवाने लागतात?
३) मलेरिया आणि एचआयव्ही या दोन गोष्टी धरून शिबिराची आखणी कशी बदलते?
४) वीज नसताना दाताच्या अवजारांचं निर्जंतुकीकरण कसं करायचं?
५) प्रार्थना आणि उपचार यांची सांगड शिबिरात कशी घालावी? गटातच यावर दोन मतं आहेत.

---

झांबेझीकाठ

आधी कागदपत्रं, कारण दौरे अडतात ते इथेच.

झांबियात डॉक्टर आणि दंतवैद्यांची तात्पुरती नोंदणी हेल्थ प्रोफेशन्स काउन्सिल ऑफ झांबियाकडे होते, नर्सची नर्सिंग अँड मिडवाइफरी काउन्सिलकडे. मलावीत मेडिकल काउन्सिल ऑफ मलावी, आणि नर्ससाठी तिथलीही वेगळी काउन्सिल. एका देशाचा परवाना दुसऱ्या देशात चालत नाही, तेव्हा प्रत्येकाच्या दोन फायली करा. पदवी आणि नोंदणीच्या साक्षांकित प्रती, मूळ काउन्सिलचं ताजं गुड स्टँडिंग (नोंदणी चालू आहे, कारवाई नाही असं) प्रमाणपत्र, पासपोर्टची प्रत, आणि यजमान रुग्णालयाचं पत्र. त्या पत्रात कोण, कुठे, कोणत्या तारखांना, कोणाच्या देखरेखीखाली काम करणार हे नावानिशी हवं. 'आमच्या पाहुण्यांना सहकार्य करावे' छापाचं पत्र कुचकामी. अर्ज यजमान रुग्णालयामार्फतच जाऊ द्या. जुलैचा दौरा असेल तर फेब्रुवारीत फायली तयार पाहिजेत.

इमिग्रेशनला पर्यटक असं सांगून आत जायचं आणि दुसऱ्या दिवशी स्टेथोस्कोप गळ्यात घालायचा, हे अजिबात करू नका. पकडले गेलात तर तुम्ही विमानाने परत जाल, पण यजमान रुग्णालयाचं नाव कायमचं खराब होतं.

झांबियात चर्चच्या दवाखान्यांची शिखर संस्था म्हणजे चर्चेस हेल्थ असोसिएशन ऑफ झांबिया, मलावीत ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन ऑफ मलावी. तुमचं यजमान रुग्णालय बहुधा यांपैकी एकीचं सदस्य असेल. शिबिराच्या गावांची यादी मात्र जिल्हा आरोग्य कार्यालयाकडे आधी मंजूर करून घ्या. कोणत्या आठवड्यात कुठे लसीकरण आहे, कुठे नुकतंच जंतांचं औषध वाटलंय, हे त्यांनाच ठाऊक असतं.

पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र: नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल आणि तिथे १२ तासांहून जास्त थांबा असेल, तर मागितलं जाण्याची शक्यता धरूनच चाला. लस घेतल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य आहे, पण काउंटरवर हुज्जत घालण्यापेक्षा पिवळं पुस्तक पासपोर्टलाच जोडून ठेवा.

आणि एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. झांबियात डायफेनहायड्रामिन नियंत्रित पदार्थांत मोडतं. सर्दीच्या, ॲलर्जीच्या, झोपेच्या कितीतरी साध्या गोळ्यांत आणि खोकल्याच्या सिरपांत ते असतं. यावरून परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे. कोडीनचंही तसंच. शिबिराच्या पेट्याच नाहीत, प्रत्येकाची खासगी औषधांची पिशवीसुद्धा लेबल वाचून तपासा.

---

जुना कंपाउंडर

प्रश्न १. माझं मत: जेवढं तिथे मिळतं तेवढं तिथेच घ्या. यजमान रुग्णालयाच्या फार्मासिस्टला यादी पाठवा, लुसाका किंवा लिलाँग्वेच्या परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडून तो मागवेल, पैसे तुम्ही भरा. आयातीची कटकट टळते, आणि तुम्ही गेल्यावर उरलेला माल त्यांच्या नेहमीच्या साठ्यात मिसळून जातो.

सोबत न्यायचंच असेल तर झांबियासाठी झांबिया मेडिसिन्स रेग्युलेटरी अथॉरिटीची आणि मलावीसाठी फार्मसी अँड मेडिसिन्स रेग्युलेटरी अथॉरिटीची आयात मंजुरी निघण्याआधीच हातात हवी. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या आणि त्या क्रमांकाची यादी करा: औषधाचं जेनेरिक नाव, ताकद, संख्या, बॅच, मुदत, किंमत. यादीच्या तीन प्रती काढा, एक खोक्यात, एक हातात, एक यजमानाकडे. देणगीच्या औषधांबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सरळ आहे: पोचताना किमान एक वर्ष मुदत शिल्लक हवी, लेबलवर जेनेरिक नाव हवं, कोणाची परत आलेली औषधं किंवा फुकट सँपलं नकोत. मंडळीतल्या लोकांनी प्रेमाने गोळा केलेली अर्धवट पाकिटं इथेच सोडून जा. तिथे ती जाळायचा खर्च रुग्णालयाच्या माथी बसतो.

आकडेमोड अशी करा. ८ दिवस, रोज ११०, म्हणजे ८८० रुग्ण. निम्म्यांना पॅरासिटामॉल लागेल असं धरा: ४४० गुणिले १२ गोळ्या, म्हणजे ५,२८०. हजाराचे सहा डबे. जुलै हा तिकडचा कोरडा, थंड महिना. खोकला, अंगदुखी, दातदुखी, रक्तदाब, डोळे यांची गर्दी जास्त असते. ओआरएस आणि झिंक तरीही ठेवा. झिंक सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला १० मिग्रॅ, त्यावर २० मिग्रॅ, १० दिवस. दोन दिवसांत जुलाब थांबले की आई गोळ्या बंद करते, म्हणून दहाही गोळ्या एकाच पाकिटात मोजून द्या आणि दहा बोटं दाखवून सांगा.

चष्मे विसरू नका. +१ ते +३ चे तयार वाचायचे चष्मे. +२ आणि +२.५ सगळ्यात आधी संपतात.

रक्तदाब आणि मधुमेहाबद्दल जरा कडक बोलतो. एका महिन्याच्या गोळ्या देऊन निघून येणं म्हणजे उपचार नव्हे. रुग्णाला गोळी सुरू करायची तर ती त्याच्या जवळच्या आरोग्य केंद्रात मिळणारीच हवी. म्हणून त्या देशाच्या प्रमाणित उपचार मार्गदर्शिकेतली नावं घ्या, दोन-तीन घटक एकत्र केलेल्या महागड्या गोळ्या नेऊ नका. एकदाच मोजलेल्या १५०/९२ वर औषध सुरू करू नका, चिठ्ठी लिहून केंद्रात पुन्हा मोजायला सांगा. तिथे मोजणारं कोणी आहे ना, हे आधी विचारा.

गोळ्यांच्या पाकिटांवर सूर्य आणि चंद्राची चित्रं छापून घ्या. भाषा आली नाही तरी 'सूर्य एक, चंद्र एक' कळतं. शिबिर तुंबतं ते डॉक्टरांपाशी नाही, औषधखिडकीपाशी. नेहमीची आठ-दहा औषधं आदल्या रात्री पाकिटांत भरून ठेवा आणि खिडकीला स्वतंत्र दुभाष्या द्या. तिन्ही डॉक्टरांना मिळून जेवढी माणसं दिलीत, तेवढीच जवळपास इथे लागतील.

---

किरणोदय

दोघांचेही आभार. डायफेनहायड्रामिनचं माहीत नव्हतं, आमच्या यादीत खोकल्याचं सिरप होतंच. काढलं.

जंतांचं औषध शिबिरात सरसकट द्यावं का? गटात तसा आग्रह आहे. अल्बेंडाझोल स्वस्त आहे, वाटायला सोपं आहे.

---

तापमापक

सरसकट नको. शाळांमधून जंतांचं औषध ठराविक काळाने दिलं जातंच, जिल्हा कार्यालयाला तारीख विचारा. नुकतंच झालं असेल तर तुमचं वाटप म्हणजे फोटोपुरतं. लक्षणं असतील तर द्या: ४०० मिग्रॅ एकदा, एक ते दोन वर्षांच्या मुलाला २०० मिग्रॅ चुरून. लहान मुलाला अख्खी गोळी गिळायला लावू नका, घशात अडकते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नाही.

आता मलेरिया. चिचेवा या तिथल्या भाषेत 'मालुंगो' म्हणजे ताप, आणि मालुंगो म्हणजेच मलेरिया. दुभाष्या एकच शब्द दोन्हींसाठी वापरतो. रुग्ण म्हणतो मालुंगो, केसपेपरवर मलेरिया लिहिलं जातं, आणि न्यूमोनिया घरी जातो. म्हणून दुभाष्याला सांगून ठेवा: 'अंग गरम होतं का, कधीपासून, थंडी वाजते का' असं फोडून विचार. आणि चाचणीशिवाय मलेरियाची गोळी नाही, हा नियम डॉक्टरांनाही लागू.

रॅपिड टेस्टबद्दल नेमकं:

- दर चौथा रुग्ण ताप सांगेल असं धरलं तर २२० चाचण्या. २५ च्या खोक्यात येतात, दहा खोकी घ्या.
- बफर (पट्टीवर टाकायचं द्रावण) त्याच खोक्यातला. एका कंपनीचा बफर दुसऱ्या पट्टीवर टाकला की चुकीचे निकाल येतात.
- निकाल पाकिटावर लिहिलेल्या मिनिटालाच वाचा, बहुधा १५ किंवा २०. तासाभराने उगवलेली फिकट रेघ धरायची नाही.
- खोकी गाडीच्या डिकीत ठेवू नका. जुलैतही काच बंद गाडी दुपारी तापते.
- एचआरपी-२ (मलेरियाच्या परजीवीचं प्रथिन) शोधणारी चाचणी उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहते. 'गेल्या महिन्यात मलेरियाच्या गोळ्या घेतल्या का' हा प्रश्न चाचणीच्या आधी विचारा, नंतर नाही.

मलेरियाचं औषध आर्टेमेथर-लुमेफँट्रिन, २०/१२० मिग्रॅची गोळी, एका डोसला: ५ ते १५ किलोच्या आत १ गोळी, १५ ते २५ च्या आत २, २५ ते ३५ च्या आत ३, ३५ आणि पुढे ४. सहा डोस, तीन दिवस. पहिला तुमच्या समोर, दुसरा बरोबर ८ तासांनी, मग सकाळ-संध्याकाळ. स्निग्ध खाण्यासोबत किंवा दुधासोबत घेतलं तरच लुमेफँट्रिन नीट शोषलं जातं. रिकाम्या पोटी रांगेत उभ्या माणसाला गोळी देण्याआधी शेंगदाणे द्या. तासाभरात उलटी झाली तर डोस पुन्हा. सगळ्यात जास्त चुकतो तो दुसरा डोस: सकाळी ११ ला पहिला दिला तर दुसरा संध्याकाळी ७ ला, 'रात्री झोपताना' नव्हे.

झटके, बेशुद्धी, सतत उलट्या, बसता न येणं, फिकटपणा ही लक्षणं असतील तर शिबिरात थांबवायचं नाही. इंजेक्शन आर्टेसुनेट २.४ मिग्रॅ प्रति किलो, २० किलोच्या आतल्या मुलाला ३ मिग्रॅ प्रति किलो, आणि लगेच रुग्णालय. टोचणं शक्य नसेल तर सहा वर्षांच्या आतल्या मुलाला गुदमार्गे आर्टेसुनेट १० मिग्रॅ प्रति किलो देऊन रवाना करा. एक गाडी, ड्रायव्हरसकट, दिवसभर याच कामासाठी रिकामी ठेवा. जेवण आणायला ती पाठवायची नाही.

सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाचा दंडघेर मोजा. ११.५ सेंमीच्या आत म्हणजे तीव्र कुपोषण, थेट रुग्णालयाच्या यादीत. ताप नाही म्हणून हे मूल रांगेत मागे राहतं.

एचआयव्हीचं असं: या भागात उपचारावर असलेले लोक पुष्कळ आहेत आणि बहुतेकांची गोळी म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर एकत्र. इथे शिबिरं नकळत नुकसान करतात. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड डोल्युटेग्राविरला बांधून ठेवतं. त्यामुळे डोल्युटेग्राविर अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायला हवं. लोह आणि कॅल्शियमचंही तेच, फक्त जेवणासोबत दोन्ही एकत्र घेतली तर चालतात. 'पोटात जळजळ' म्हणणाऱ्या शंभर लोकांना अँटासिड वाटताना हे कोण विचारतं? औषधखिडकीवर विचारा, हलक्या आवाजात, रांग दोन मीटर लांब ठेवून. क्षयाचं रिफॅम्पिसिन सुरू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं. ती दुरुस्ती शिबिराने करायची नाही, एआरटी क्लिनिकला (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राला) पाठवायचं.

दोन आठवड्यांहून जुना खोकला म्हणजे वेगळी रांग, उघड्यावर, झाडाखाली, तोंडाला मास्क. एचआयव्ही असेल तर खोकला कितीही दिवसांचा असो, क्षयाची तपासणी. बेडक्याचा नमुना रुग्णालयात जाईल याची व्यवस्था आधी ठरवा, नाहीतर नुसता संशय लिहून उपयोग नाही.

गटासाठी: मलेरिया प्रतिबंधक गोळ्या. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ रोज, जायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर ४ आठवडे. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेत असाल तर परतल्यावर ७ दिवस. लोक घरी आले की चौथ्या दिवशी डॉक्सी सोडतात आणि तिसऱ्या आठवड्यात तापतात. हिपॅटायटिस बी आत्ताच सुरू करा, ०-१-६ महिन्यांचं वेळापत्रक बसत नसेल तर ०-७-२१ दिवस आणि वर्षाने चौथा. सुई टोचली तर ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच, पीईपी (एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या गोळ्या) सुरू करून २८ दिवस. पहिल्या आठवड्याच्या गोळ्या गटप्रमुखाच्या पाठपिशवीत हव्यात, रुग्णालयाच्या कपाटात नव्हे.

आणि मलावी सरोवरात पोहू नका. पाणी सुंदर आहे, बिलहार्झियाही (पाण्यातून कातडीत शिरणारे कृमी) आहे.

---

दंतकथा

प्रश्न ४.

विजेवर विसंबू नका. २०२४ च्या दुष्काळात करिबा धरणाचं पाणी आटलं तेव्हा झांबियात दिवसातले कितीतरी तास वीज नसायची. गॅसवर चालणारा, दाबमापक असलेला प्रेशर-कुकर पद्धतीचा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं भांडं) घ्या. १२१ अंशांवर, गुंडाळलेली अवजारं असतील तर ३० मिनिटं. वेळ मोजायची ती दाब पूर्ण चढल्यावर, गॅस पेटवल्यावर नाही.

इथे एक फट आहे. मापकावर १५ पीएसआय (दाबाचं एकक) म्हणजे १२१ अंश हे गणित समुद्रसपाटीचं. लुसाका साधारण १,२८० मीटरवर आहे, ग्रेट ईस्ट रोडवरची गावंही पठारावरच. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे मापकावर १५ दिसलं तरी आत तापमान दोन-तीन अंश कमी असतं. ढोबळ हिशेब: दर ३०० मीटरला अर्धा पीएसआय वाढवा, म्हणजे १७ च्या आसपास. तुमच्या भांड्याला तेवढा दाब चालतो का ते आधी पाहा. नसेल चालत तर वेळ वाढवा, आणि प्रत्येक फेरीत पाकिटाच्या आत रासायनिक इंडिकेटर टाका. बाहेरची पट्टी काळी झाली म्हणजे एवढंच कळतं की पाकीट तापलं.

हवा आधी बाहेर काढा. वाफेची तोटी उघडी ठेवून ५ ते १० मिनिटं सलग जोरात वाफ येऊ द्या, मगच बंद. हवा अडकली की मापक दाब दाखवतो पण मधलं पाकीट थंडच राहतं. पाणी उकळून गाळलेलं घ्या, तिकडच्या बोअरवेलच्या पाण्याने तळाशी खडू जमतो. ओलं पाकीट निर्जंतुक धरायचं नाही.

क्षमतेचा हिशेब आता. धुणं १५ मिनिटं, दाब चढायला १५, धरायला ३०, उतरून सुकायला ३०: दीड तासाची फेरी. भांड्यात ६ संच मावतात असं धरा. एक दात काढायला सरासरी १५ मिनिटं, म्हणजे ६ रुग्ण दीड तासात. तर १२ संच न्या, सहा वापरात, सहा भांड्यात. सहा तासांत २४ रुग्ण. सकाळी २४ टोकन वाटा आणि पंचविसाव्याला तेव्हाच नाही म्हणा. दुपारी चारला रांगेतल्या चाळीस जणांना नाही म्हणणं फार वाईट, आणि त्या घाईतच कोणीतरी 'नुसतं स्पिरिटने पुसू' म्हणतं.

भूल: लिग्नोकेन २% ॲड्रेनलिनसह, १.८ मिलीच्या काडतुसात ३६ मिग्रॅ. मुलांत ४.४ मिग्रॅ प्रति किलोच्या पुढे जाऊ नका. २० किलोच्या मुलाला ८८ मिग्रॅ, म्हणजे दोन काडतुसं झाली की थांबा. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर दात आज नाही. एचआयव्ही असणं हे दात न काढण्याचं कारण नाही. सुईला टोपण एका हाताने, टेबलावरून उचलून. शार्प्सचा (वापरलेल्या सुया-पात्यांचा) डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद, आणि तो रुग्णालयाच्या भट्टीतच जाळायचा, गावात पुरायचा नाही.

दात काढल्यावर गॉझ ३० मिनिटं चावून बाकावर बसवा. रुग्ण आठ किलोमीटर चालत जाणार असतो. रक्त वाटेत सुरू झालं तर परत येणार कोण?

प्लग: झांबिया, मलावीत तीन चौकोनी पिनांचा.  त्याचा अडॅप्टर घ्या.

---

लाल मातीचा रस्ता

पाचव्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो.

झांबियाच्या संविधानाच्या प्रास्ताविकातच तो ख्रिस्ती देश असल्याचं म्हटलंय, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष चिलुबा यांनी १९९१ मध्ये ती घोषणा केली. प्रार्थनेने दिवस सुरू करणं तिथे कोणाला खटकत नाही, सरकारी केंद्रातही ते होतं. तेव्हा प्रश्न प्रार्थना करावी की नाही हा नाही. प्रश्न ती रांगेत कुठे येते हा आहे. सकाळी सगळ्यांसोबत दहा मिनिटं, स्थानिक पाळकाने, स्थानिक भाषेत: उत्तम. मात्र टोकन देण्याआधी प्रवचन सक्तीचं, किंवा औषधखिडकीच्या अलीकडे प्रार्थनेचा तंबू ज्यातून गेल्याशिवाय गोळी मिळत नाही: हे नको. ईस्टर्न प्रॉव्हिन्समध्ये आणि मलावीत मुस्लिम रुग्णही येतात. आजारी माणसाचा होकार हा होकार नसतो. तंबू औषधखिडकीच्या नंतर, बाजूला ठेवा. ज्याला थांबायचं तो थांबेल, आणि बरेच थांबतात.

पाळकाला दुभाष्या करू नका. त्याच्याच मंडळीतली बाई त्याच्यासमोर पांढरं जाणं किंवा एचआयव्ही बोलणार नाही. रुग्णालयाच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी मागा, बायकांसाठी तरी.

गावात शिरल्यावर आधी मुखियाकडे, चिचेवात 'म्फुमू'. यजमान मंडळी घेऊन जाईल. तपासणी मग. गटातल्या बायकांनी गुडघ्याखालपर्यंत येईल असं चितेंगे (कमरेला गुंडाळायचं तिथलं कापड) गुंडाळावं. 'मुली ब्वांजी' (कसे आहात) आणि 'झिकोमो' (धन्यवाद) एवढं तरी प्रत्येकाला यायला हवं.

मलावीत रुग्णाकडे हेल्थ पासपोर्ट नावाची वही असते. तुमचं निदान, औषध, मात्रा सगळं त्या वहीत लिहा, सुवाच्य, जेनेरिक नावाने. तुमच्या सुंदर छापील केसपेपरचा तिथल्या नर्सला काही उपयोग नाही, तो तुमच्याबरोबर परत जातो. झांबियात कार्ड नसेल तर साध्या शाळेच्या वह्या न्या आणि प्रत्येकाला एक द्या.

रस्ता: लुसाका ते चिपाटा सुमारे ५७० किमी. पहाटे निघा, अंधारात चालवू नका. दिवे नसलेले ट्रक, सायकली, गुरं, सगळी रस्त्यावरच. सीमेवर दोन्ही देशांच्या चलनाला क्वाचाच म्हणतात पण ती वेगळी आहेत, नोटा वेगळ्या पाकिटांत ठेवा. औषधांची गाडी म्वामीला सकाळीच पोचवा, कस्टमचा अधिकारी खोकी उघडून यादीशी पडताळतो आणि त्याला घाई नसते. झांबियात उघडलेला साठा मलावीत नेण्यापेक्षा काटेटे-चिपाटातच रुग्णालयाला सही घेऊन द्या, मलावीचा साठा लिलाँग्वेत वेगळा घ्या. सीमेवरची निम्मी यादी तिथेच गळते.

जुलैच्या पहाटे पठारावर चांगली थंडी असते. रांगेतल्या म्हाताऱ्यांसाठी सकाळी ऊन येणारी बाजू निवडा, अकरानंतर सावलीची. शाळेच्या इमारतीच्या कोणत्या बाजूला टेबलं मांडायची हे आदल्या संध्याकाळी जाऊन सूर्य बघून ठरवा.

---

किरणोदय

दुभाष्यांचं गणित पुन्हा मांडलं: डॉक्टरांना तीन, दंतवैद्याला एक, नोंदणीला एक, औषधखिडकीला दोन. सात. यजमान रुग्णालयाला नर्सिंगच्या विद्यार्थिनींबद्दल आजच लिहितो. रोजचा आकडा १२० वरून ९० वर आणतोय, दात २४. जुना कंपाउंडर, घाऊक खरेदीची यादी तयार झाली की इथेच टाकतो, एकदा नजर घालाल का?

---

जुना कंपाउंडर

टाका. प्रत्येक ओळीत ताकद आणि गोळ्यांची संख्या लिहा, 'पुरेसं' असं लिहू नका.